पिवळी चकती

बिबवेवाडी, पुणे ३७
३ फेब्रुवारी

श्री. पुष्करराव यांस,

अत्यंत जड अंतःकरणाने कळवते, की आमचा फ्रिज वाजू लागला आहे. गुणगुणतो वगैरे नाही. आधी घसा खाकरतो, मग थरथरतो, मग भिंतीवर पाठ आपटत खडखडतो आणि थांबताना एक हुंदका देतो. खालच्या मजल्यावरच्या तनुजाबाई दोनदा वर येऊन गेल्या. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, पिठाची गिरणी घातलीत का. दुसऱ्यांदा नुसत्या फ्रिजसमोर उभ्या राहिल्या, भेटायला आल्यासारख्या. सोसायटीच्या फलकावर 'काही सदनिकांमधून येणारे आवाज' अशी सूचना लागली आहे. 'काही सदनिका' म्हणजे आम्ही, हे सगळ्या जिन्याला ठाऊक आहे. संबंध इमारतीत हा आवाज ऐकू न येणारा एकच माणूस आहे आणि तो त्या फ्रिजला पाठ टेकून जेवतो. "कुठे वाजतोय?" म्हणतो आणि कोशिंबीर मागतो.

असो. तुम्हाला आमच्या फ्रिजचं काय.

पूर्वी मी तुम्हाला नुसतं पुष्कर म्हणत असे. आता संबंध बिघडले म्हणून 'राव' लावला आहे. भांडणाने माणसाचा मान वाढतो तो असा. पत्र लिहिण्याचं कारण, तुम्ही आमचे दोघांचेही फोन बंद करून ठेवलेत. तुमच्या खराडीच्या फाटकावर मी स्वतः येऊन गेले. तिथल्या माणसाने त्याच्या मोबाइलला विचारलं, मोबाइलने तुम्हाला विचारलं, आणि उत्तर आलं की पाहुणे नाकारले. एकोणिसाव्या मजल्यावरून माणूस नाकारणं सोपं जात असेल. पोस्टमनला नाकारायचं बटण अजून निघालेलं नाही.

मुद्द्याचं बोलते. घर आवरायला काढलं आहे. हे कारण खरं मानून पुढे वाचावे.

श्रीधरच्या कपाटात छोट्या रेकॉर्डींच्या रांगेत एक रिकामं पाकीट उभं आहे. तुम्हा दोघांचा नियम मला तोंडपाठ आहे. रेकॉर्ड उसनी जाते ती उघडी जाते, पाकीट मालकाच्या कपाटात तिच्या जागी उभं राहतं, आणि परत आली की मालकाने स्वतःच्या हाताने तिला त्या पाकिटात घालायची. मग व्यवहार मिटला. चिठ्ठी नाही, सही नाही. लग्नातसुद्धा माणसं एकमेकांवर एवढा भरवसा ठेवत नाहीत.

हे पाकीट 'द टिन लँटर्न्स'चं आहे. पुणे कॅम्पात जमलेली चार पोरं, त्यांची आयुष्यातली एकुलती एक रेकॉर्ड, 'मिसेस डीकुन्हाज् अंब्रेला', आणि मग बँड बुडाला. कॉलेजात असताना जुन्या बाजारात कुलपांच्या आणि नळाच्या तोट्यांच्या ढिगात तुम्हाला ती सापडली, पैसे श्रीधरने भरले, हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की कधीकधी वाटतं, ढीग मीच उपसत होते. जगात कुणालाही नको असलेलं गाणं. म्हणून तर तुम्हाला हवं.

ती रेकॉर्ड परत पाठवावी. श्रीधरला या पत्राची कल्पना नाही. त्याला कळू देऊ नये. तसे तुम्ही त्याच्याशी बोलत नाहीच, तेव्हा तुम्हाला जड जाणार नाही.

हेमा


१२ फेब्रुवारी

पुष्करराव,

आपलं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर दोनच वाक्यं: 'आधी माझी पिवळी चकती परत करा. मग रेकॉर्डचं बोलू.' उरलेल्या जागेत मी वाण्याची यादी लिहिली.

चकती म्हणजे कुठली हे आठवायला मला बराच वेळ लागला. छोट्या रेकॉर्डीच्या मधोमध मोठं भोक असतं आणि प्लेयरचा खिळा असतो बारीक, तेव्हा भोकात बसवायची ती प्लास्टिकची तीन पायांची चकती. तुमची पिवळी होती. भांडणाच्या दिवशी तुम्ही ती आमच्याकडे विसरून गेलात, आणि श्रीधरने ती दाबून ठेवली असं तुमचं म्हणणं. तो तुम्हाला रेकॉर्डचोर म्हणतो, तुम्ही त्याला चकतीचोर. साठीला आलेली दोन माणसं. तुमचा आरोप ऐकून मी आमची बाजू कळवते: श्रीधरकडे स्वतःची ॲल्युमिनियमची चकती आहे, ती तो डोळ्यांच्या थेंबांसारखी जपतो. तुमची मी कपाटात, माळ्यावर, शिवणाच्या डब्यात, दिवाळीच्या कंदिलांत शोधली. नाही.

इथे सगळं ठीक आहे. श्रीधरच्या कानाचं थोडं चालू आहे. वयाचं असणार. डॉक्टरांकडे जाऊन आलो, काही विशेष नाही.

सध्या त्याने एक नवं काढलंय. कपाटातल्या रेकॉर्डी पहिल्या खणापासून ओळीने वाजवतो आहे. एकही सोडत नाही. ज्या बँडची नावं त्यांच्या आयांनाही आठवत नसतील, ते सगळे आमच्या हॉलमध्ये हजेरी लावून जातात. वाजवतो, पुसतो, पाकिटात घालतो, पुढची काढतो. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं. फ्रिजचा मुद्दा सोसायटीने तूर्त मागे ठेवला आहे.

परवा दुपारी तो त्या रिकाम्या पाकिटापाशी आला. मला वाटलं, ओलांडून पुढे जाईल. त्याने पाकीट काढलं, शेजारी ठेवलं, प्लेयर सुरू केला आणि नुसती थाळी फिरत ठेवून बसला. गाणं जेवढा वेळ चाललं असतं तेवढा वेळ. मध्येच कुठेतरी त्याचं बोट वर गेलं. तुम्हाला सांगायला नको कुठे. त्या गाण्याच्या मध्यावर ड्रमवाला अडखळतो, आणि ती जागा यायच्या किंचित आधी तुम्हा दोघांची बोटं वर जायची, शाळेत उत्तर येणाऱ्या मुलांसारखी. तुम्ही म्हणायचात, मुद्दाम अडखळलाय, प्रतिभा आहे ती. तो म्हणायचा, चुकलाय. यावरून आमच्याकडे कितीतरी रविवारची जेवणं गार झाली.

मग त्याने प्लेयर बंद केला, पाकीट जागेवर ठेवलं, पुढची रेकॉर्ड काढली. मी स्वयंपाकघरातून बघत होते. हातात कणीक होती.

रेकॉर्ड पाठवा.

हेमा


२० फेब्रुवारी

पुष्करराव,

कार्ड नाही, काही नाही. ठीक. घर आवरण्याचं सोंग मीही पुरे करते.

श्रीधरचा उजवा कान लहानपणीच गालगुंडात गेलेला, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही नेहमी त्याच्या डाव्या बाजूला बसायचात. आता डावा चालला आहे. १२ मार्चला ऑपरेशन आहे. कानाच्या आत यंत्र बसवणार. ते बसवताना सध्या जे थोडंफार आपलं आपण ऐकू येतं ते बहुतेक जातं. पुढे महिन्याभराने यंत्र सुरू करतील, मग सरावाने बोलणं कळायला लागेल. गाण्याचं काय, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, बघू. डॉक्टरांच्या तोंडचा 'बघू' मी आजवर दोनदा ऐकलाय, आणि दोन्ही वेळा बघायला मीच उरले होते.

बारीक आवाज त्याचे आधीच गेले. दाराची बेल, कुकरची शिट्टी, चिमण्या. माझा आवाजही बारीकच, तोही त्यांच्याबरोबर गेला. इतकी वर्षं तो माझं ऐकत नव्हता, आता त्याच्याकडे डॉक्टरचं सर्टिफिकेट आहे. हा विनोद मी बऱ्याच जणांना सांगितला. सगळे हसले. तुम्हीही हसा.

जे येतं ते जाड, खालचं. ट्रक, दार आपटणं, ढोल. तेही कधी येतं, कधी नाही. सकाळी असतं, दुपारी नसतं. बारा तारखेपर्यंत टिकेल याची कुणी खात्री देत नाही. भाजीवाल्याने परवा कोथिंबीर देऊ का विचारलं, तर याने स्वतःचं वय सांगितलं. रस्ता ओलांडताना मी आता त्याच्या मनगटाला धरते. लोकांना वाटतं, काय प्रेम आहे.

रोज एकदा मी त्याच्या पाठीमागे उभी राहून स्टीलचं ताट फरशीवर सोडते. तो वळला की म्हणते, सुटलं हातातून. काल वळला नाही. मी ताट उचललं आणि पुन्हा सोडलं. मग वळला. म्हणाला, "हल्ली तुझ्या हातात काही राहत नाही." तनुजाबाईंनी वर येणंच सोडून दिलंय.

इंटरनेटवर जगातला सगळा कचरा आहे, ही छत्री तेवढी नाही. मी बघितलं. तुमच्याकडे असलेली एकच. ती त्याला एकदा ऐकायची आहे. असं तो म्हणालेला नाही. तो मरेपर्यंत म्हणणार नाही, तुम्ही चोर आहात ना. मी म्हणते आहे.

ते भांडण माझं नाही. रेकॉर्ड माझी नाही. गाणंही मला कधी आवडलं नव्हतं. एवढं सगळं माझं नसताना मागते आहे, तेव्हा विचार करा.

हेमा


खराडी, पुणे १४
२४ फेब्रुवारी

हेमावहिनी,

मला लांब लिहायची सवय नाही, तुम्हाला आहे. सांभाळून घ्या.

रेकॉर्ड माझ्याकडे नाही. विकलेली नाही. भांडणाच्या आधीच्या महिन्यात मी टिन लँटर्न्सचा ड्रमवाला शोधून काढला. भैरू नाव. मांजरी गावचा. त्याला विचारायचं होतं, मध्ये अडखळलास ते मुद्दाम का. ओळख पटावी म्हणून रेकॉर्ड बरोबर नेली. त्याच्याकडे स्वतःची प्रत नव्हती. त्याची बायको आजारी होती. नवऱ्याने कधीकाळी इंग्रजी रेकॉर्ड काढली, ही थाप आहे असं ती लग्नापासून समजत आली होती. तिने ती हातात घेतली, उलटसुलट केली, डोक्याला लावली, आत नेऊन पेटीत ठेवली, पेटीला कुलूप घातलं आणि बाहेर येऊन मला चहा दिला. तिला वाटलं, मी भेट आणली.

परत मागायची कशी? तुम्ही सांगा. अडखळण्याचं विचारायचंही राहून गेलं.

श्रीधरला समजावून सांगणार होतो. मी तोंड उघडायच्या आत त्याने विचारलं, कुणाला विकलीस. त्यानंतर सांगण्यासारखं काही उरलं नाही.

पत्ता खाली देतो. तुम्ही जा. मी येणार नाही. कानाचं आधी का नाही कळवलं?

चकतीचं अजूनही म्हणणं आहेच.

पुष्कर


बिबवेवाडी
२ मार्च

पुष्करराव,

'आधी का नाही कळवलं' हेच शेवटी विचारायचं होतं, तर पाहुणे नाकारायचे नव्हते.

मी मांजरीला जाऊन आले. तुम्ही दिलेल्या पत्त्यावर आता दोन्ही बाजूंनी इमारती आहेत आणि मधे उसाचा एक तुकडा उरला आहे, आजोबांना ग्रुप फोटोत बसवतात तसा. त्याच्या कडेला 'प्रेमला निवास'. मला एखादा खंगलेला कलावंत अपेक्षित होता. भैरूकाका तीन अंगठ्या घालून झोपाळ्यावर बसले होते आणि मोबाइलवर कुणा बिल्डरला झापत होते. त्यांचं झाल्यावर मी तुमचं नाव सांगितलं, वर्णन केलं. ते म्हणाले, "त्या चष्मेवाल्या साहेबाच्या तुमी कोन?"

मी म्हटलं, भांडलेल्या मित्राची बायको.

"मंग बसा," म्हणाले. "लांबचं नातं न्हाई त्ये."

त्यांच्या पत्नी प्रेमलाबाई आता नाहीत. तुम्ही जाऊन आल्यानंतरच्या वर्षी गेल्या. सून ऋतुजा तुमच्याच खराडीत कुठल्याशा काचेच्या इमारतीत कामाला आहे. तिने पेटी उघडली. रेकॉर्ड लग्नाच्या शालूच्या घडीत आहे, वास येऊ नये म्हणून शेजारी डांबराच्या गोळ्या नाहीत, वाळवलेला मरवा आहे. मी ती दोन्ही तळव्यांवर घेतली. तुम्ही लोक धरता तशी, कडेला.

मग श्रीधरच्या दोन्ही कानांचं सांगून मी ती मागितली. चार दिवसांसाठी, उसनी, हात जोडून. भैरूकाकांनी झोपाळा थांबवला. म्हणाले, "न्यायची म्हनाल तर जमायचं न्हाई. तिनं कुलपात ठिवल्याली वस्तू हाय. त्यास्नीच हितं घिऊन या. आन् वाजवायचं येंत्र बी आना. मलाबी ऐकायचीय." स्टुडिओत एकदा ऐकली होती म्हणाले, त्यानंतर नाही. घरात प्लेयर कधी नव्हताच. गाण्यात काय म्हणतात ते त्यांना आजही माहीत नाही. त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, एका बाईची छत्री हरवते. त्यांनी झोपाळा पुन्हा हलवला आणि म्हणाले, "येवढंच?"

तर रविवारी, ९ तारखेला सकाळी जायचं ठरवलं आहे. ऑपरेशनच्या आधीचा शेवटचा रविवार. श्रीधरला कागदावर लिहून दाखवलं: टिन लँटर्न्सचा ड्रमवाला सापडला, मांजरी, रविवार. त्याने कागद दोनदा वाचला आणि इस्त्रीचा शर्ट कुठे आहे विचारलं. रेकॉर्ड तिथे आहे हे मी लिहिलेलं नाही. ती तिथे कशी गेली हे तर नाहीच. ते माझं काम नाही. तुम्ही यावं.

आणखी एक. फ्रिजवाला आला होता, उत्तरेश्वर नावाचा. त्याने फ्रिज पुढे ओढला. मागचा डावा पाय एका पिवळ्या प्लास्टिकच्या वस्तूवर उभा होता. कालांतराने ती सरकली, फ्रिज कलला, पाठ भिंतीला लागली, म्हणून खडखड. "मॅडम, हे कशाचं झाकण?" त्याने विचारलं. तीन पाय आहेत, एकही मोडलेला नाही. एवढी वर्षं एक फ्रिज, त्यातली कैरीची लोणची आणि आईचं पुरणाचं पातेलं तुमच्या चकतीने पेललं.

ती तिथे कुणी घातली याची चौकशी मी करणार नाही. प्लेयर समतल हवा म्हणून गवंड्याची पाणसळ घेऊन घरभर फिरणारा माणूस आमच्याकडे एकच आहे. त्या भरात त्याने फ्रिजही सरळ केला असणार आणि हाताला लागलं ते पायाखाली सारलं असणार. दाबून ठेवली हे तुमचं म्हणणं एका अर्थाने बरोबरच होतं.

चकती माझ्या पर्समध्ये आहे. रविवारी तुमच्या हातात देईन.

हेमा


७ मार्च, स्पीड पोस्टाने

पुष्करराव,

हे तुम्हाला उद्या मिळावं. पोस्टातली बाई म्हणाली, पुण्यातल्या पुण्यात मिळेल. खराडी पुण्यात आहे का याची तिने खात्री करून घेतली.

काल सकाळपासून श्रीधरला काहीही ऐकू येत नाही. मी ताट टाकलं, मग परात टाकली, मग दार आपटलं. तो खिडकीपाशी बसून बूट पुसत होता, रविवारसाठी. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, पूर्वीही असं जाऊन परत आलंय, येईलही. येणार नाही का, विचारलं. म्हणाले, तसंही होऊ शकतं.

त्याने मला काही सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही. दोघं एकमेकांना कळू देत नाही आहोत. जेवताना फार छान बोललो, म्हणजे तो बोलला आणि मी मान हलवली. मग तो एकदम थांबला आणि म्हणाला, "फ्रिज दुरुस्त झाला वाटतं, वाजत नाही." फ्रिज वाजत होता. उत्तरेश्वरने खाली घातलेला पुठ्ठा दुसऱ्याच दिवशी दबला.

जावं की नाही, कळत नाही. त्याला तिथे नेऊन बसवायचं आणि त्याच्यासमोर सगळ्यांनी ऐकायचं. मला भीती वाटते. हे वाक्य मी खोडून पुन्हा लिहिलं आहे.

तरी जाऊ. साडेदहापर्यंत पोचू.

हेमा


१८ मार्च

प्रिय पुष्कर,

'राव' काढला आहे. कारण खाली येईल.

तू आला होतास. रसवंतीच्या पलीकडे, उसाच्या कडेला तुझी राखाडी गाडी उभी होती. काच वर होती, पण एवढ्या उन्हात काच वर करून रस न पिता बसणारा माणूस पुण्यात दुसरा कोण असणार? मी हात केला नाही. तुला आत यायचं नव्हतं ना, मग आत काय झालं ते पत्रानेच घे.

श्रीधरने निघताना मला न विचारता ते रिकामं पाकीट पिशवीत घातलं होतं. कशाला, ते मी विचारलं नाही. प्लेयर मांडला, वायरी लावल्या, पाणसळ ठेवून बघितली. भैरूकाकांनी तुझी सगळी कहाणी त्याला मोठमोठ्याने सांगितली, चष्मेवाले साहेब आले, हिनं पेटीत ठिवली, साहेब काय बोललं न्हाईत. श्रीधर सौजन्याने हसत होता. डॉक्टरांसमोर हसतो ते हसू. मग ऋतुजाने ते सगळं मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्यापुढे धरलं. त्याने वाचलं. वर सरकवून पुन्हा वाचलं. चष्मा काढून शर्टाला पुसला, इस्त्री मोडेपर्यंत.

मग कळलं की हा सगळं तीनदा तपासणारा माणूस ॲल्युमिनियमची चकती घरी कपाटातच विसरून आला आहे. त्याचा चेहरा असा पांढरा पडला की मी पर्सची चेन उघडता उघडता मोडली. पिवळी चकती त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती ओळखली, माझ्याकडे बघितलं. मी हवेत बोटाने फ्रिज काढून दाखवला. ती भोकात बसवली, टक्कन.

सुई टेकली. गाणं सुरू झालं. ऋतुजा हसली, कारण ते खरोखरच फार वाईट गाणं आहे. काकांनी डोळे मिटले. श्रीधरने तळहात प्लेयरच्या लाकडावर ठेवला आणि आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीने बघत राहिला, आमच्या चेहऱ्यांवरून गाणं कुठवर आलं ते कळेल म्हणून. त्याला काहीही ऐकू येत नव्हतं. एकदाही बोट वर गेलं नाही. गाणं संपलं. तो म्हणाला, "छान." मी बाहेर उसाकडे बघायला लागले.

काकांनी डोळे उघडले होते. ते उठले. पडवीतलं पत्र्याचं पिंप घरंगळत आणलं, श्रीधरच्या डाव्या बाजूला, अगदी खुर्चीला चिकटून उपडं केलं. बाहेर जाऊन उसाची दोन कांडी मोडून आणली. सुनेला म्हणाले, "पैल्यापासनं लाव."

तू तिथून पिंप ऐकलं असशीलच. हडपसरपर्यंत गेलं असेल. काका रेकॉर्डीबरोबर वाजवत होते, मान खाली, अंगठ्या काढून ठेवलेल्या. कांड्यांतून रस उडत होता. पहिलं कडवं गेलं. श्रीधर ताठ बसला होता. मग त्याने मान थोडी डावीकडे कलवली, आपल्याकडे कुणी हळू बोलल्यावर कलवायचा तशी. आणि पुष्कर, ती जागा यायच्या किंचित आधी त्याचं बोट वर गेलं.

काका अडखळले. रेकॉर्डीतले काकाही अडखळले. त्याच जागी.

गाणं संपल्यावर तुझा प्रश्न मी विचारला. काका घाम पुसत म्हणाले, "मुद्दाम कशापायी? चहावाला आत आला हुता. म्या गिलास धराया हात काढला." आज का अडखळलात मग, विचारलं. म्हणाले, "आता ती सवच लागली."

ऋतुजाने हेही लिहून दाखवलं. तेव्हा श्रीधर ओरडला. स्वतःचा आवाज ऐकू न येणारी माणसं ओरडतात तसं, खिडकीतून, उसावरून: "चुकलाच होता! पुष्करला सांग!"

त्यावर रस्त्यावरून हॉर्न वाजला. एकच, लांबलचक, निषेधाचा. श्रीधरला तो ऐकू आला नाही. मला आला. मी खिडकीपाशी गेले तोवर गाडी वळत होती.

निघताना त्याने पिशवीतून पाकीट काढलं. रेकॉर्ड उचलून स्वतःच्या हाताने त्यात घातली. नियमाप्रमाणे व्यवहार मिटला, तुझ्यावर काही बाकी नाही. मग ते पाकीट रेकॉर्डीसकट काकांच्या हातात दिलं आणि पेटीकडे बोट दाखवलं. ऋतुजाने शालूच्या घडीत ठेवलं. कुलूप काकांनी घातलं. घरी कपाटात आता तिथे फट आहे. त्याने शेजारच्या रेकॉर्डी सरकवून ती बुजवलेली नाही.

ऑपरेशन झालं. डोक्याला मोठं बँडेज आहे, आणि त्यात तो फार मानी दिसतो. यंत्र पुढच्या महिन्यात सुरू करतील. तोवर घरात पूर्ण शांतता आहे, म्हणजे त्याच्यापुरती. आम्ही पाटीवर लिहून बोलतो. माझं शुद्धलेखन त्याला पसंत नाही. काल त्याने पाटीवर लिहिलं, 'पुष्कर डाव्या बाजूला बसायचा.' मी खाली लिहिलं, 'बोलवू?' त्याने दोन्ही पुसून टाकलं, पण सावकाश.

सोबत तुझी चकती आहे. साबणाने धुतली आहे, फ्रिजच्या पायाचा डाग निघालेला नाही. मिळाल्याची पोच नको.

फ्रिज खडखडतो आहे. उत्तरेश्वर उद्या येतो म्हणत होता, त्याला नको सांगितलं. तनुजाबाईंना सांगून ठेवलंय, महिनाभर सोसा. यंत्र सुरू झालं की त्या फ्रिजची पहिली तक्रार श्रीधरने करायची आहे.

हेमा